मूल घोरतं तेव्हा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात क्लब हाऊसमध्ये केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडे आवरले आहे.)



सेक्रेटरींनी मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात 'निवृत्तांसाठी गुंतवणूक' हा विषय होता. बत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार! पण व्याजदर आता तुम्ही सगळे माझ्या आधी मोबाईलवर बघता. मी म्हटलं, मला मुलांच्या घोरण्यावर बोलायचं आहे. सेक्रेटरी हसले. आता तुम्हीही हसलात. आपल्याकडे घोरणं हा विनोदाचाच विषय आहे. सहलीच्या बसमध्ये, लग्नाच्या कार्यालयात, कोण किती घोरतो यावर रात्री निघतात.

मी डॉक्टर नाही, कॉमर्सचा पदवीधर आहे. जे सांगणार आहे ते गेल्या सात-आठ वर्षांत वाचलेलं आणि आमच्या डॉक्टरांकडून तपासून घेतलेलं आहे. त्यामागचं कारण आमच्याच घरातलं आहे, त्याकडे येतो.

आधी एक शब्द घेऊ. 'गुटगुटीत'. माझ्या पिढीतल्या सर्वांना गुटगुटीत बालक स्पर्धा आठवत असतील. गणेशोत्सवात, महिला मंडळात व्हायच्या. जे बाळ सगळ्यांत गोल, त्याला स्टीलचा डबा बक्षीस. यात कोणाचं चुकत नव्हतं. गोवर, हगवण, डांग्या खोकला यात मुलं हातची जायची. अंगावर थोडं मांस असलेलं मूल आजारातून उठायचं. त्यामुळे 'बाळसं धरलंय' हे ऐकून आईच्या जिवाला बरं वाटायचं. तो काळ गेला, शब्द मात्र राहिला. दहा वर्षांच्या मुलालाही आपण 'खात्यापित्या घरचा आहे' म्हणतो आणि पुढे जातो.

आपल्या देशात अजून कुपोषण आहे, हे मी विसरलेलो नाही. पण दोन्ही एकाच वेळी चालू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण आधी २.१ टक्के होतं, ते २०१९-२१ च्या पाहणीत ३.४ टक्के झालं. आकडा लहान दिसतो, पण बँकेत आम्ही शिल्लक जितकी बघायचो तितकीच वाढीची गती बघायचो. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ सालचा हिशेब असा की पाच ते एकोणीस वयाची ३९ कोटींहून अधिक मुलं जादा वजनाची आहेत आणि त्यातली १६ कोटी लठ्ठ या वर्गात मोडतात.

आता या वजनाचा आणि झोपेतल्या श्वासाचा काय संबंध? नाकाला हाडाचा आधार आहे. खाली श्वासनळीला कूर्चेच्या कड्या आहेत. मधला घशाचा भाग मात्र नुसत्या मऊ मांसाचा. जागेपणी स्नायू तो ताणून उघडा धरतात, झोपेत ते सैल पडतात. मुलांच्या घशात मुळातच दोन गोष्टींनी जागा अडवलेली असते, एक टॉन्सिल आणि दुसरी नाकाच्या मागच्या बाजूला असणारी ॲडेनॉइड. साधारण दोन ते आठ वर्षांच्या काळात या गाठी घशाच्या मानाने मोठ्या असतात. त्यात मूल जाड असेल तर घशाभोवती, जिभेत, मानेवर चरबी साठते आणि वाट आणखी अरुंद होते. पोटावरची चरबी आडवं झाल्यावर श्वासपटलाला वर ढकलते, म्हणून फुप्फुसात हवेचा साठा कमी राहतो. ज्या खात्यात शिल्लकच कमी, त्यातून एक चेक गेला तरी खातं उघडं पडतं. तसा श्वास काही सेकंद अडला तरी या मुलांचा ऑक्सिजन भराभर खाली येतो.

वाट अरुंद झाली की घोरण्याचा आवाज येतो. वाट पूर्ण बंद झाली की आवाजच थांबतो! छाती-पोट हलत असतं, पण हवा आत जात नाही. मग मेंदू मुलाला अर्धवट जागं करतो, एक मोठा हुंदका किंवा घुसमटल्यासारखा आवाज येतो, मूल कूस बदलतं आणि पुन्हा घोरायला लागतं. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. डॉक्टर याला स्लीप ॲप्निया म्हणतात. मोठ्या माणसात तासाला पाचपर्यंत असे अडथळे चालवून घेतात. लहान मुलात तासाला एकाहून जास्त झाला तरी ते नॉर्मल धरत नाहीत.

नेहमी घोरणारी मुलं शंभरात दहाच्या आसपास असतात. खरा ॲप्निया शंभरात एक ते पाच मुलांना असतो. लठ्ठ मुलांमध्ये तो कितीतरी पटीने जास्त सापडतो. तेव्हा प्रत्येक घोरणाऱ्या मुलाला घेऊन उद्या हॉस्पिटलात पळू नका. सर्दी झाली की सगळीच मुलं घोरतात. सर्दी नसताना आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरत असेल तर मात्र डॉक्टरांना सांगायचं.

आता घरातलं. ज्याच्याविषयी बोलतो आहे तो माझा नातू. आज तो बारावीत आहे. त्याची परवानगी घेतली आहे, नाव घ्यायचं नाही ही त्याची अट. (नाव तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, तरी अट ती अट.)

तो चौथीत असताना उंची १३२ सेंटिमीटर आणि वजन ४८ किलो होतं. खाली खेळायला गेला की पोरं त्याला 'ढोल्या' म्हणायची, मग तो खाली जाईनासा झाला. वर्गशिक्षिकेने डायरीत लिहून पाठवलं : लक्ष नाही, पेंगतो, चिडतो, घरी लवकर झोपवा. लवकर म्हणजे किती? साडेनऊला झोपायचा. साडेनऊ ते सहा, साडेआठ तास. शाळेची बस सहा-वीसला. त्या वयाच्या मुलाला नऊ ते बारा तास लागतात ही गोष्ट वेगळी, पण साडेआठ तास झोपलेलं मूल दुसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकत नाही. शिवाय पाच वर्षांपूर्वी बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं. त्यावरून तो इतका शरमला होता की चादर स्वतःच गुंडाळून मशीनमध्ये टाकायचा.

आमच्या सूनबाईंनी पहिल्यांदा सगळ्या गोष्टी एका ओळीत मांडल्या. त्या म्हणाल्या, "बाबा, हा झोपतो कसा ते बघायला हवं. तो तुमच्या खोलीत झोपतो, तुम्ही बघाल का?" मला रात्री तशीही झोप कमी. जुन्या सवयीप्रमाणे एक वही केली. तारीख, वेळ, श्वास थांबला तर किती सेकंद. रात्रीचा अंधार, पंख्याचा आवाज आणि हातात घड्याळ. घोरणं थांबलं की मोजायला लागायचं. सात, आठ, नऊ, दहा... एकदा सतरापर्यंत गेलो. सतरा सेकंद म्हणजे किती, हे आत्ता घड्याळाकडे बघून श्वास रोखून बघा, आणि समोर तुमचा नातू आहे असं समजा. पोट आत-बाहेर होतंय, गळ्याच्या खाली खळगा पडतोय, घामाने उशी भिजली आहे आणि हवा नाही. मी त्याला हलवायला हात पुढे केला तेवढ्यात तो स्वतःच हुंदका देऊन वळला.

पाच रात्रींची वही घेऊन आम्ही एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वही उघडली नाही. "मोठा होईल तसं जाईल, जरा खाणं कमी करा," म्हणाले आणि सर्दीचं औषध लिहून दिलं. कोण डॉक्टर ते सांगणार नाही, त्यांना दिवसाला शंभर पेशंट असतात. पुढच्या वेळी मुलाने डोकं चालवलं. माझ्या मुलाने, म्हणजे त्याच्या बापाने. पहाटे चारला मोबाईलवर तीन मिनिटांचा व्हिडिओ घेतला, छातीवरचं पांघरूण काढून, आवाजासकट. दुसऱ्या डॉक्टरांनी, त्या कान-नाक-घशाच्या होत्या, तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि त्याच आठवड्यात झोपेची तपासणी ठरवली. मी तरुण आई-बाबांना हेच सांगतो : वही नको, व्हिडिओ घ्या. पहाटे घ्या, कारण स्वप्नांची झोप पहाटे जास्त असते, तेव्हा स्नायू सर्वांत सैल असतात आणि त्रास सगळ्यांत नीट दिसतो.

तपासणी म्हणजे एक रात्र हॉस्पिटलात झोपणं. डोक्याला, छातीला, पायाला वायरी, नाकाशी एक नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. दुखत काही नाही. नातवाने तर 'मी अंतराळवीर' म्हणून फोटो काढून घेतला. रिपोर्ट आला : तासाला १४ अडथळे, ऑक्सिजन ८२ टक्क्यांपर्यंत खाली. मुलांच्या हिशेबात तासाला दहाच्या वर म्हणजे तीव्र.

इथे थोडं विषयांतर करतो. हे सगळं आजकालच्या मोबाईल-पिझ्झाचं आहे असं समजू नका. चार्ल्स डिकन्सची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी १८३६-३७ मध्ये हप्त्याहप्त्याने आली. त्यात जो नावाचा एक जाडा पोरगा आहे, नोकर. काम करता करता उभ्याउभ्या झोपतो आणि घोरतो. वाचक पावणेदोनशे वर्षं त्याला हसत आले. १९५६ साली अमेरिकन डॉक्टरांनी लठ्ठपणा आणि झोपाळूपणा एकत्र असलेल्या आजाराला त्याच कादंबरीवरून पिकविकियन सिंड्रोम नाव दिलं. त्याही आधी, १८८९ मध्ये, विल्यम हिल नावाच्या इंग्रज डॉक्टरने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहिला होता, विषय 'मुलांच्या मागासपणाची आणि मठ्ठपणाची काही कारणे'. त्याचं म्हणणं, नाक-घसा अडलेली, तोंडाने श्वास घेणारी मुलं वर्गात ढ ठरतात, आणि अडथळा दूर केला की त्यांतली काही सुधारतात. मग कित्येक वर्षं हे मागे पडलं. १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिस्तियाँ गिमिनो यांनी आठ मुलांमधला स्लीप ॲप्निया नीट तपासून मांडला तेव्हा कुठे हा मुलांचाही आजार आहे असं धरलं जाऊ लागलं. मधल्या काळात किती मुलं 'ढ' म्हणून शेवटच्या बाकावर बसली असतील, त्याचा हिशेब कोणाकडे नाही.

मोठा माणूस झोप झाली नाही की पेंगतो. लहान मूल बऱ्याचदा उलट करतं, चुळबुळतं, मारामाऱ्या करतं, एका जागी बसत नाही. म्हणून त्याला 'व्रात्य' म्हणतात. जाड मुलात मात्र मोठ्यांसारखी पेंगही दिसते, म्हणून त्याला 'आळशी' म्हणतात. दोन्हीकडे शिक्का तयारच. सकाळी डोकं दुखणं, तोंड उघडं टाकून झोपणं, मान मागे टाकून किंवा बसल्याबसल्या झोपणं, रात्री खूप घाम, मोठेपणी पुन्हा अंथरूण ओलं होणं, या खुणा लक्षात ठेवा. अशीच आणखी एक खूण मानेवर दिसते. जाड मुलांच्या मानेला, काखेत काळपट मखमली पट्टा येतो. आया बिचाऱ्या डाळीचं पीठ लावून घासत बसतात. तो मळ नाही. शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची ती खूण असते, आणि घासून त्वचा सोलण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवलेली बरी.

उपचाराबद्दल लोकांचा एक समज असतो : टॉन्सिल काढले की झालं. मुलांमध्ये पहिला उपाय बहुधा तोच असतो हे खरं. पण २०१३ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच ते नऊ वर्षांची ४६४ मुलं. निम्म्यांचं ऑपरेशन लगेच, निम्म्यांना सात महिने थांबून बघितलं. ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची तपासणी नॉर्मल आली. थांबलेल्यांपैकीही ४६ टक्के मुलांची आली! म्हणजे सौम्य त्रासात थांबून बघण्यालाही अर्थ आहे, आणि तो निर्णय डॉक्टरांचा आहे, शेजाऱ्यांचा नाही. दुसरी गोष्ट अशी की लठ्ठ मुलांमध्ये ऑपरेशननंतरही त्रास उरण्याची शक्यता जास्त, कारण टॉन्सिल गेले तरी चरबी तिथेच असते. शिवाय ऑपरेशननंतर बऱ्याच मुलांचं वजन वाढतं. घसा मोकळा झाला, घरात कौतुक सुरू झालं, आइस्क्रीम तर डॉक्टरांनीच सांगितलेलं!

नातवाचं ऑपरेशन झालं. वजन आणि रिपोर्ट पाहून त्याला त्या रात्री हॉस्पिटलातच देखरेखीखाली ठेवलं. तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासणी केली तर १४ चे ४ झाले होते. चांगलं, पण पूर्ण नाही. मग वर्षभर रात्री मास्क. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय पुढे आणला. यंत्र नाकावाटे हलक्या दाबाने हवा सोडत राहतं, त्यामुळे घसा मिटत नाही. पहिले पंधरा दिवस रडारड झाली. आजीने त्या मास्कच्या पट्ट्याला लोकरीचं मऊ कव्हर विणून दिलं, मग तो घालू लागला. आठव्या दिवसापासून अंथरूण कोरडं. महिनाभराने शाळेची डायरी आली तीत अभ्यासाची तक्रार होती, पेंगण्याची नव्हती. घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले होते.

आणि वजन? इथे आजी-आजोबांना मला खास सांगायचं आहे. वाढत्या मुलाला उपाशी ठेवायचं नसतं. डॉक्टर म्हणाले, याचं वजन उतरवायच्या मागे लागू नका, आहे तिथे थोपवा, उंची वाढेल. तीन वर्षांत उंची अठरा सेंटिमीटर वाढली आणि वजन चार-पाच किलो. घरात वेगळा 'डाएट' केला नाही. सगळ्यांचंच ताट बदललं. फरसाणाचा डबा ओट्यावरून वरच्या फडताळात गेला आणि मग घरातून गेला. तीनशे मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये तीसेक ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे सात-आठ चमचे. कुठली आजी नातवाच्या दुधात आठ चमचे साखर घालेल? पण बाटली आपण हातात देतो. संध्याकाळी पोळीचा लाडू, उसळ, शेंगदाणे, फळ. टीव्हीसमोर जेवण नाही. यात मोठं शास्त्र काही नाही, चिकाटी आहे, आणि ती घरातल्या सगळ्यांना लागते.

झोप आणि वजन एकमेकांना खाली खेचतात. झोप तुटली की भूक वाढवणारी रसायनं वाढतात, दिवसा खेळायला जोर राहत नाही, वजन वाढतं, वजनाने पुन्हा झोप तुटते. म्हणून नुसतं 'कमी खा, पळ' सांगून हे सुटत नाही. ज्याला रात्रभर श्वास मिळालेला नाही त्याला पळ म्हणून कसं सांगायचं?

कोणी म्हणेल, आमचा मुलगा काही एवढा जाड नाही. बरोबर. पण आपल्या लोकांची शरीरं थोडी फसवी आहेत. आपल्याच पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षांच्या आपल्या मुलांसाठी जे वाढीचे तक्ते केले, त्यात जादा वजनाच्या रेषा आपल्या लोकांच्या हिशेबाने आखल्या आहेत. परदेशी तक्त्यात बघून निर्धास्त होऊ नका.

सरकारी पातळीवर काही गोष्टी झाल्या आहेत. शाळेत आणि शाळेच्या पन्नास मीटरच्या आत जास्त तेल-साखर-मीठ असलेले पदार्थ विकायचे नाहीत असा केंद्राचा २०२० चा नियम आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं आपल्या राज्य सरकारने २०२४ मध्ये सांगितलं. दोन्ही किती पाळलं जातं ते तुम्ही रोज बसस्टॉपवर आणि शाळेच्या फाटकाशी बघता. आपल्या फाटकाच्या आत जे होतं ते मात्र आपल्या हातात आहे.

आता जरा कडू बोलतो, रौप्यमहोत्सव असला तरी. पंचवीस वर्षांपूर्वी आपण ताबा घेतला तेव्हा सी विंगच्या मागे मोकळी जागा होती. मंजूर नकाशात ती आजही मोकळी जागा म्हणूनच आहे. मी खजिनदार असताना तिथे घसरगुंडी बसवल्याचं व्हाउचर माझ्या सहीचं आहे. आज तिथे अकरा गाड्या उभ्या असतात. पोडियमवर पाटी आहे, 'येथे खेळण्यास मनाई आहे'. बॉलने काच फुटते, दुपारची झोप मोडते, मान्य. पण पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला तासभर धावावं-खेळावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो तास त्यांनी लिफ्टमध्ये काढायचा का? नातू बरा झाल्यावर खाली उतरला तेव्हा त्याला खेळायला जागा शोधत शेजारच्या सोसायटीत जावं लागलं, आणि तिथल्या वॉचमनने हाकललं.

पुढच्या महिन्यात वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. त्या जागेवर रंगाचे पट्टे मारून पार्किंग कायम करण्याचा ठराव विषयपत्रिकेवर आहे. मी त्याच्या विरोधात मत देणार आहे आणि पर्यायी सूचना लेखी दिली आहे : रोज संध्याकाळी पाच ते साडेसात तिथल्या गाड्या रस्त्याच्या बाजूच्या रांगेत लावायच्या. अकरा गाड्यांसाठी तिथे जागा आहे, मी टेपने मोजली आहे. ज्या अकरा घरांच्या गाड्या आहेत, त्यातल्या सात घरांत मुलं आहेत. त्यांनी येऊन माझ्याशी बोलावं, रागावून बोललं तरी चालेल.

दुसरी विनंती वाढदिवसांची. क्लब हाऊसचं बुकिंग होतं तेव्हा केक जरूर आणा, पण त्यासोबत वेफर्स, कोल्ड्रिंक आणि घरी नेण्याच्या पिशवीत पुन्हा चॉकलेटं, हे कोणीतरी आधी थांबवलं की बाकीच्यांना थांबवणं सोपं जाईल. आमच्या विंगमध्ये दोन घरांनी पिशवीतून पतंग आणि फिरकी दिली. मुलं आठवडाभर गच्चीवर होती.

आणि 'ढोल्या', 'लाडू', 'अंडा' हे मुलांनी मुलांना म्हणणं आपण मोठ्यांनी थांबवायचं. मोठी माणसंही हसत म्हणतात, मी ऐकलं आहे.

मी माझ्या खर्चाने एक वजनकाटा आणि भिंतीवर लावायची उंचीची पट्टी सोसायटीच्या ऑफिसात ठेवली आहे. दर रविवारी दहा ते बारा मी तिथे बसतो. आई-बाबांनी मुलाला घेऊन यावं. एका वेळी एकच मूल आत येईल आणि आकडा मोठ्याने वाचला जाणार नाही, तो कागदावर लिहून घडी करून आईच्या हातात मिळेल. त्याच कागदाच्या मागे, कोणत्या गोष्टी दिसल्या तर डॉक्टरांकडे जायचं, ते आमच्या डॉक्टरांकडून तपासून छापून घेतलं आहे. चष्मा मात्र घरून आणा, अक्षर बारीक झालं आहे.